लेफ्टला जायचंय? घ्या राइट!

मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉय गावात डावीकडे जायचं असेल तर आधी उजवीकडे वळावं लागतं. हे वाक्य मी ज्या पाहुण्यांना ऐकवलं, त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग बायकोकडे पाहिलं. ‘याला थंडी बाधली का?’ असा त्या पाहण्याचा अर्थ असतो. पण खरंच तसं आहे. आमच्या गावातून बिग बीव्हर नावाचा एक ऐसपैस रस्ता जातो. डेट्रॉइटकडून मैल मोजत वर आलं की हा सोळावा, म्हणून त्याला सिक्स्टीन माइल असंही म्हणतात. मधोमध गवताचा रुंद दुभाजक. चौकाचौकात डावीकडे वळायला मनाई. मग डावीकडे जाणाऱ्याने करायचं काय? तर आडव्या रस्त्याने येऊन निमूट उजवीकडे वळायचं, जरा पुढे जायचं, दुभाजकात एक खिंड ठेवलेली असते तिथून उलटं फिरायचं आणि आलेल्या चौकावरून सरळ निघून जायचं. झालात तुम्ही डावीकडे!

याला ‘मिशिगन लेफ्ट’ म्हणतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला डेट्रॉइटच्या एट माइल आणि लिव्हरनॉय या रस्त्यांच्या चौकात हा प्रकार पहिल्यांदा सुरू झाला, आणि तोच लिव्हरनॉय पुढे आमच्या ट्रॉयमधून जातो. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावरून डावीकडे वळताना अपघात होतात, शिवाय अशा वळणाऱ्यांसाठी सिग्नलला निराळा वेळ राखून ठेवावा लागतो. या युक्तीने दोन्ही कटकटी मिटतात. शास्त्र पक्कं आहे. मेंदूला कळवायचं तेवढं राहून गेलंय.

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, बेळगावहून सहा महिन्यांसाठी आले, तेव्हा विमानतळावरून घरी येताना त्यांनी या वळशाचा पहिला अनुभव घेतला. मागच्या सीटवर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘कळलं. सोमसूत्री प्रदक्षिणा!’’ आम्हाला कळेना. ‘‘अरे, कपिलेश्वराला घालतोस ना? पन्हळ ओलांडायची नाही. तिथवर जायचं, मागं फिरायचं, पुन्हा उलट बाजूनं तिथवर यायचं. या लोकांनी चौकात पिंडी बसवलीय, एवढंच.’’ मिशिगनच्या रस्ते खात्याला हे समर्थन अजून सुचलेलं नाही.

नाना इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. खानापूरच्या बाजूला रोज बसने जाऊन-येऊन त्यांनी उभी हयात शिकवलं. ‘राइट’ या शब्दावर त्यांचा विशेष लोभ, कारण वह्या तपासताना लाल पेनाने लाखो राइट त्यांनी स्वतः मारलेले. त्यांच्या हिशेबी या शब्दाला अर्थ चार. उजवा, बरोबर, हक्क आणि वहीतली खूण. पाचवा अर्थ बसमधला. तिकडे कंडक्टर ‘रैऽऽट!’ म्हणून ओरडला की गाडी सुटते. ‘‘आणि मूळ सांगू?’’ ते म्हणत. ‘‘सरळ! आपला ‘ऋजु’ आणि त्यांचा ‘राइट’ एकाच मुळाचे. म्हणून जो सरळ तो राइट.’’ सरळपणाच्या या शब्दाला कुठली कुठली वळणं फुटलीत, ते बघायला त्यांना ट्रॉयपर्यंत यावं लागलं.

उजव्या हाताचे लाड आपणही काही कमी करत नाही म्हणा. देव उजवा कौल देतो, मुलीचं लग्न झालं की ती ‘उजवली’, एक स्थळ दुसऱ्यापेक्षा उजवं निघतं, आणि नको असलेल्या माणसाला डावलतात. पण मराठीत रस्ता दाखवताना कुणी ‘उजवं’ म्हणालं तर ते ‘बरोबर’ नसतं. आमचं सगळं दुःख या एका सोयीच्या अभावातून सुरू झालं.

मी इथे आलो तेव्हा पहिली लढाई गाडीच्या परवान्याची होती. मिशिगनात परवाना देतं ते ऑफिस ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’चं. वॉशिंग्टनमध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणजे परराष्ट्रमंत्री, आमच्याकडे मात्र तोच आरटीओ. मी फोनवर आईला भाबडेपणाने सांगितलं की उद्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे जायचंय. संध्याकाळपर्यंत बेळगावच्या टिळकवाडीत बातमी फुटली होती. एका काकांनी तर ‘आता सीमाप्रश्नाचंही काढ जरा’ असा निरोप धाडला.

प्रत्यक्ष गाडी चालवण्याच्या परीक्षेला एक पोक्त बाई शेजारी बसल्या. मांडीवर फळी, फळीवर कागद, चेहऱ्यावर काही नाही. मी जन्मभर रस्त्याच्या डाव्या अंगाने गाडी हाकलेली, त्यामुळे उजव्या अंगाने जाताना आधीच कुणाच्या तरी अंगणात शिरल्यासारखं वाटत होतं. बिग बीव्हरच्या एका चौकाशी आलो. बाई म्हणाल्या, ‘‘आता आपल्याला लेफ्टला जायचंय.’’

मी खात्री करून घेतली, ‘‘लेफ्ट?’’

‘‘राइट.’’

आता यावर शहाण्या माणसाने काय करावं? मी राइट घेतलं. स्टिअरिंग पुरतं फिरून झाल्यावर डोक्यात उजेड पडला की बाईंचं ‘राइट’ म्हणजे ‘बरोबर’. पाठीवरून घामाची धार निघाली. बाई काही बोलेनात. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, आणि मी मनातल्या मनात पुढच्या परीक्षेची फी भरून टाकली. थोडं पुढे गेल्यावर त्या एकदम म्हणाल्या, ‘‘राइट हिअर!’’

मी उजवीकडे पाहिलं. उजवीकडे एका बँकेचं हिरवंगार लॉन होतं. बाईंचं बोट मात्र डावीकडे, दुभाजकातल्या खिंडीकडे. ‘राइट हिअर’ म्हणजे ‘इथेच’, आणि ‘इथेच’ डावीकडे होतं! मी डोळे मिटल्यासारखं करून फिरलो. परत त्या चौकापाशी आलो, सरळ पार झालो, आणि लक्षात आलं की आपण नेमके जिथे जायला सांगितलं होतं तिथेच निघालोय. शेवटी बाई पहिल्यांदा हसल्या. ‘‘छान. नवीन आलेले बरेच जण चौकातच थेट लेफ्ट मारतात.’’ जगात इतरत्र कुठेही मी नापास झालो असतो.

बाकी लाल दिव्याचं तर नाना अजून मान्य करत नाहीत. मिशिगनात लाल दिवा असला तरी गाडी थांबवून, बघून, राइट घेता येतं. इतकंच नाही, समोरचा रस्ता एकेरी असेल तर लाल दिव्यावर लेफ्टही चालतं, आणि दुभाजकातल्या त्या खिंडीत ते रोज करावं लागतं. ‘‘मग लाल कशाला लावलाय?’’ या नानांच्या प्रश्नाला उत्तर नाही. कायद्याने परवानगी असली तरी ते दर वेळी मागे वळून पोलीस बघतात.

रस्ता एक वेळ जमला, ऑफिस जमेना. मी गाड्यांच्या सुट्या भागांशी संबंधित एका कंपनीत काम करतो. डेट्रॉइटच्या आसपास राहून दुसरं काय करणार! मीटिंगमध्ये इथली माणसं प्रत्येक वाक्याच्या शेपटाला ‘राइट?’ लावतात. ‘‘आपण हे डिझाइन बदलणार, राइट? म्हणजे खर्च वाढणार, राइट?’’ मी सुरुवातीला विचारल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचो, कारण नानांचा मुलगा आहे. ‘‘राइट,’’ असं मी मोठ्याने म्हटलं की बोलणारा दचकून थांबायचा. पुढे कळलं की तो प्रश्न नसून श्वास आहे. ऐकणारा ‘राइट, राइट, राइट’ असं तीनदा म्हणाला तर त्याचं लक्ष नाही, आणि एकदाच ‘राऽऽइट…’ असं लांबवून म्हणाला तर त्याला पटलेलं नाही. ‘आय नो, राइट?’ म्हणजे ‘हो ना, बघ ना!’ हे मला बायकोने शिकवलं. तिला ऑफिसातल्या मैत्रिणी चांगल्या मिळाल्या.

सगळ्यात महागात पडलं ते ‘यॅ, राइट.’ पुरवठादाराकडून एक पार्ट यायचा होता. साहेबांनी विचारलं, शुक्रवारपर्यंत येईल का? त्या पुरवठादाराशी वीस-एक वर्षं डोकं आपटलेला आमचा म्हातारा इंजिनिअर खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, ‘‘यॅऽऽ, राइट.’’ दोन होकार! मी मीटिंगच्या टिपणात लिहिलं, ‘शुक्रवारी निश्चित मिळणार,’ आणि ते थेट गिऱ्हाइकाला पाठवलं. त्यांनी शनिवारी जादा माणसं बोलावली. ती माणसं आली, त्यांनी कॉफी प्यायली, डोनट खाल्ले, पार्टची वाट पाहिली आणि घरी गेली. सोमवारी म्हाताऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘तुमच्याकडे अशा वेळी काय म्हणतात?’’ मी म्हटलं, ‘‘आलाच म्हणून समज!’’ म्हणजे शब्द आपल्याकडेही होता, नुसता इंग्रजीत ओळखू आला नाही. पुण्यात चार वर्षं काढलेल्या माणसाला ‘वा, छान!’चे अर्थ ठाऊक असतात. त्याची अशी फसगत व्हायला नको होती.

यावर तत्त्वज्ञांचीही एक गोष्ट सांगतात. ऑक्सफर्डचे जे. एल. ऑस्टिन एका व्याख्यानात म्हणाले की दोन नकार मिळून होकार होतो, पण दोन होकार मिळून नकार झाल्याचं कुठे आढळत नाही. त्यावर न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले सिडनी मॉर्गनबेसर जागेवरून पुटपुटले, ‘‘यॅ, यॅ.’’ ऑस्टिनसाहेब आमच्या कंपनीत असते तर त्यांनीही टिपणात शुक्रवारच लिहिला असता.

आणि ट्रॉय तर या सुरात निवडणुका लढवणारं गाव! २०११ साली इथलं सार्वजनिक वाचनालय पैशांअभावी बंद पडायला आलं होतं. ते वाचवायचं तर थोडा जास्तीचा कर द्यावा लागणार होता, आणि त्यावर २ ऑगस्टला मतदान होतं. कर नको म्हणणारे जोरात. तेव्हा गावभर पाट्या लागल्या की वाचनालय बंद करायला मत द्या, ५ ऑगस्टला पुस्तकं जाळायची पार्टी आहे! गाव खवळलं. पुस्तकं जाळणार? कोण हे नतद्रष्ट? आरडाओरडा शिगेला पोचल्यावर उघड झालं की पाट्या वाचनालय वाचवणाऱ्यांच्याच आहेत. कर म्हणजे काही डॉलर, तो नाकारणं म्हणजे पुस्तकं जाळणंच, असं त्यांना म्हणायचं होतं. कर मंजूर झाला, वाचनालय वाचलं. ही हकिगत मी नानांना त्याच वाचनालयात बसून सांगितली. त्यांनी हातातली तिन्ही पुस्तकं उचलली आणि आधी घरी नेण्याची नोंद करून घेतली. म्हणाले, ‘‘चेष्टाच असेल. पण आपल्याकडं असलेली बरी.’’

नानांना खरा धक्का दिला तो मिशिगनच्या विधिमंडळाने. एका संध्याकाळी जेवताना त्यांनी जाहीर केलं, ‘‘तुमच्या राज्यानं २०१२ साली ‘राइट टु वर्क’ कायदा केला होता, तो २०२३ साली रद्द केला. काम करायचा हक्क काढून घेतला, आणि तू निवांत वरणभात खातोयस?’’

नानांच्या डोळ्यांपुढे जतची आत्या होती. १९७२च्या दुष्काळात तिच्या गावाने खडी फोडली. त्यातून महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. काम मागणाऱ्याला सरकारने काम द्यायचं, नाही तर भत्ता. कामाचा हक्क म्हणजे हा! मी समजावलं, ‘‘नाना, इथे त्याचा अर्थ वेगळा. युनियनची वर्गणी न भरता कामावर राहायचा हक्क.’’

‘‘म्हणजे काम मिळायचा हक्क नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘काढून टाकलं तर?’’

‘‘टाकलं तर टाकलं.’’

‘‘मग हा राइट हवा कुणाला होता?’’

‘‘मालकांना. युनियनवाल्यांना नको होता. तो गेला म्हणून त्यांनी आनंद केला.’’

नानांनी चमचा ताटात ठेवला. कामगारांना कामाचा हक्क नको आणि मालकांना हवा! त्यांनी पुन्हा पुन्हा मला वाक्य उलटसुलट करून सांगायला लावलं, पण ते कुठूनही तसंच निघालं. त्याच आठवड्यात एका ओळखीच्या मुलाच्या कंपनीने ‘राइटसायझिंग’चं पत्र काढलं. नाना म्हणाले, ‘‘चांगलं झालं की. म्हणजे इतकी वर्षं साइझ राँग होती, आता नीट होईल.’’ त्या मुलाचा चेहरा पाहून मी नानांना हळूच सांगितलं की नीट होण्याच्या त्या कामात याचीच खुर्ची गेली. त्यावर नाना जे म्हणाले ते इंग्रजीत नव्हतं आणि छापण्याजोगंही नव्हतं.

राजकारणातले उजवे-डावे त्यांना पाठ होते. तरीही एका शेजाऱ्याच्या तळघरात ते अडकले. भिंतीवर एका दणकट माणसाचा फोटो. शेजारी भक्तिभावाने म्हणाला, ‘‘गॉर्डी हाऊ. डेट्रॉइटला असा राइट विंगर पुन्हा झाला नाही.’’ नानांनी सभ्यपणे विचारलं, आयात-निर्यातीवर यांची मतं काय होती? शेजारी म्हणाला, मतं माहीत नाहीत, पण लोकांचे दात फार पाडले. नानांना ते विसंगत वाटलं नाही. पुढे उलगडा झाला की गॉर्डी हाऊ हा आइस हॉकीतला देव, उजव्या बगलेवर खेळणारा, डेट्रॉइटच्या ‘रेड विंग्ज’ संघाचा. नदीपलीकडे कॅनडात जाणाऱ्या नव्या पुलालाही त्याचंच नाव आहे. ‘‘लाल झेंड्याखाली उजवा!’’ नाना परतताना म्हणत होते. ‘‘आमच्याकडं असं निवडणुकीनंतर होतं.’’

किरकोळ जखमा सांगत बसत नाही. हॉटेलातली मुलगी ‘आय विल बी राइट बॅक’ म्हणाली म्हणून नाना उजवीकडे मागे बघत बसले आणि ती डावीकडून पुढून आली. दुकानात पाय अडखळला तेव्हा कुणीतरी ‘आर यू ऑल राइट?’ विचारलं, तर त्याला गुडघ्यापासून मधुमेहापर्यंतची सगळी माहिती मिळाली, आणि त्यात काय काय राइट नाही याची यादी वेगळी. तो बिचारा मान हलवत शेवटपर्यंत उभा राहिला. मिशिगनची माणसं सभ्य आहेत. इतकी की कधी कधी त्यांचं पुढे सरकणंच बंद होतं.

ते आमच्या सबमध्ये रोज पाहायला मिळतं. सब म्हणजे सबडिव्हिजन, आपली कॉलनी. तिथल्या चौकाला सिग्नल नाही, चारी बाजूंना ‘स्टॉप’च्या पाट्या. जो आधी थांबला तो आधी निघतो. दोघे एकदम आले तर उजवीकडच्याला ‘राइट ऑफ वे’, म्हणजे उजव्याला उजवा हक्क. नानांनी हा नियम वाचला तेव्हा त्यांना फार समाधान वाटलं. अखेर शब्दाचे दोन अर्थ एका जागी भेटले. पण नियम करणाऱ्याने चार गाड्या एकदम येतील हे धरलं नव्हतं. चौघे एकदम आले की प्रत्येकाच्या उजवीकडे कुणीतरी असतंच.

ऑक्टोबरातली ती सकाळ. आम्ही अ‍ॅडम्स रोडवरच्या भारतीय टेंपलला निघालो होतो. चौकात चारी गाड्या एकाच क्षणी थांबल्या. मी समोरच्याला हाताने ‘जा’ म्हटलं. त्याने मला ‘जा’ म्हटलं. उजवीकडच्या व्हॅनमधल्या बाईने दोघांनाही ‘जा’ म्हटलं आणि डावीकडचा आजोबा तिला हात करत राहिला. मग चौघेही एकदम वीतभर पुढे सरकले, एकदम दचकले, एकदम थांबले, आणि पुन्हा हात हलायला लागले. मागे स्कूलबस येऊन उभी राहिली. तिच्यामागे कचऱ्याची गाडी.

‘‘किती वेळ चालतं हे?’’ नानांनी विचारलं.

‘‘ज्याचा हात आधी दुखेल तो जातो.’’

दार उघडल्याचा आवाज आला. स्वेटर, माकडटोपी, धोतराखाली पांढरे स्पोर्ट शूज अशा वेषात नाना चौकाच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. एक तळवा आमच्याकडे, एक आजोबांकडे. मग व्हॅनपाशी जाऊन त्यांनी पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि खानापूर गाडीच्या कंडक्टरच्या आवाजात हाळी दिली, ‘‘रैऽऽट!’’

व्हॅन सुटली. समोरच्याच्या बॉनेटवर थाप, ‘‘रैऽऽट!’’ तोही सुटला. कुणी विचारलं नाही की म्हणजे उजवीकडे, की बरोबर, की हक्क आमचा की तुमचा. आजोबांनी तर जाताना सलाम ठोकला. व्हॅनमधली बाई पलीकडे जाऊन थांबली होती, काच खाली करून हसत हसत ओरडली, ‘‘युअर डॅड इज अ रायट!’’

नाना गाडीत येऊन बसले. चेहरा उतरलेला. ‘‘काय म्हणाली ती? रायट?’’

‘‘नाना, इथे रायट म्हणजे…’’

‘‘रायट म्हणजे दंगल. मला शिकवतोस? बेळगावात जन्म गेला माझा.’’ त्यांनी घाईघाईने पट्टा लावला आणि मागची काच निरखली. ‘‘आपला राइट ऑफ वे आहे ना? मग हाण गाडी. पोलीस यायच्या आत नीघ इथून.’’